घरटी एक चिठ्ठी

तळ्यातलं पाणी उतरत उतरत तळाशी गेलं आणि मधोमध कुणाची तरी जुनी सायकल उघडी पडली. पहिल्या दिवशी नुसतं हँडल दिसलं. चार दिवसांनी पुढचं चाक. आठव्या दिवशी सगळी सायकल गाळात बसलेली दिसायला लागली. एकोणतीस घरांचं गाव रोज सकाळी तळ्याच्या बांधावर येऊन ती सायकल बघायचं आणि घरी जायचं.

मालसून म्हातारी बांधावर चढत नसे. तिची कंबर इतकी वाकली होती की चालताना तिला स्वतःचे पायच तेवढे दिसत. नातीची जुनी बाबागाडी पुढे ढकलत ती चालायची. गाडीत खुरपं, पाण्याची बाटली आणि बसायला एक फोमचा तुकडा. त्या सकाळी ती आपल्या खाचराच्या कडेला थांबली आणि तरव्याच्या ट्रेमध्ये, भाताच्या कोवळ्या रोपांत, बोटं घातली. माती कोरडी. रोपांची टोकं पिवळी पडलेली. लावणीचं वय उलटून पाच दिवस झाले होते आणि खाचरात चिखलाऐवजी भेगा होत्या.

सून पाटाच्या कडेनं परत येत होती. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत बूट, तोंडावर फडकं.

"काय म्हणाला गिचुल?" म्हातारीनं विचारलं.

"थांब म्हणाले."

"कुठवर थांब?"

"वरच्या आळीची लावणी होईपर्यंत." सुनेनं फावडं जमिनीत रोवलं. "पाटाच्या दाराची चावी मागितली, तर म्हणाले, तुमच्या व्हिएतनाममध्ये वर्षातून तीनदा भात होतो ना, मग एकदा इथलं नाही झालं तर काय बिघडतं."

"तू काय बोललीस?"

"काय बोलणार? तिथं पाच माणसं हसत होती."

गिचुल अकरा वर्षं गावाचा पाटकरी होता. तळ्यापासून खालच्या आळीपर्यंत पाटाला सहा दारं, आणि सहाही दारांचं चाक फिरवायची चावी त्याच्या पडवीत खुंटीला टांगलेली. त्याची शेती वरच्या आळीला. दोन वर्षांमागं मालसूनच्या मुलाची, सांगपिलची पाठ नांगरणीच्या यंत्राखाली मोडली, तेव्हापासून पाटावर जायचं काम सुनेकडे आलं होतं. कुठलं दार गळतं, कुठल्या वळणावर गाळ साचतो, कुणाच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय हे तिला पाठ होतं. खालच्या आळीच्या म्हाताऱ्या स्वतःच्या खाचराचं काही विचारायचं झालं तरी तिलाच विचारत.

दुपारी दोघी ओढ्यातल्या डबक्यातून बादल्या भरून तरव्याला पाणी घालत होत्या. सून भरून आणायची, म्हातारी मगानं शिंपडायची. तेवढ्यात शेजारची मुदोंगवाली आली. मुदोंग हे तिचं माहेर. गावात लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत होती. मालसूनला सगळे गल्मेवाली म्हणत, आणि तिचं खरं नाव आता शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. शाळा म्हणजे गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी चालणारा अक्षरांचा वर्ग. तीन वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि मालसून वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपलं नाव लिहायला शिकली.

"काय गं गल्मेवाली, रोपांना चमच्यानं पाजतेस काय?" मुदोंगवाली बांधावर बसली. "ए पोरी, बादली ठेव. तुझ्याशीच काम आहे."

सून थांबली.

"सोमवारी पाटकऱ्याची निवड आहे. दर वर्षी टाळ्या वाजवतात आणि गिचुल होतो. या वर्षी आम्ही खालच्या आळीनं चिठ्ठ्या मागितल्यात. गावप्रमुखानं कबूल केलंय. घरटी एक चिठ्ठी. आमच्याकडून तू."

सुनेनं आधी सासूकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी बाहेरची आहे, आजी."

"आणि मी काय या तळ्यात उगवले? मीपण बाहेरचीच. डोंगरापलीकडची असले म्हणून काय झालं?"

"डोंगर आणि समुद्र एक नाही," मालसून मध्येच बोलली. "उगाच पोरीच्या डोक्यात भरवू नको. पुरुष माणसांत जाऊन उभं राहायचं, हसं व्हायचं. घरात एक माणूस पडून आहे."

"हसं तर रोजच होतंय तिचं. आज सकाळी झालं तेवढं पुरे नाही का?"

मालसूननं हातातला मग जोरात आपटला. पाणी रोपांवर न पडता तिच्या पायावर सांडलं.

संध्याकाळी जेवताना सांगपिल भिंतीला उशी लावून बसला होता. बायको बोलली ते सगळं त्यानं ऐकून घेतलं. आठ वर्षांची जेउन आईच्या ताटातला मुळा पळवत होती.

"गावप्रमुख माझ्या शाळेतला," तो म्हणाला. "मला उद्या तोंड दाखवायचंय."

"तुम्हाला दाखवायचंय, पण पाटावर मला जायचंय," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चावी मागायला मीच जाते. मला माझ्यासाठी नको आहे चावी. पाण्याची पाळी कागदावर लिहून ठेवायची, कुणाच्या खाचराला किती तास ते ठरवायचं. आमच्या गावी माझे वडील हेच करायचे. मी दहा वर्षांची होते तेव्हापासून त्यांच्याबरोबर दारं धरायला जायची."

हे मालसूनला नवीनच होतं. नऊ वर्षांत तिनं सुनेच्या बापाचं नाव काढलं नव्हतं, की तो काय करायचा हे विचारलं नव्हतं.

"घराची चिठ्ठी कोण टाकणार?" सांगपिलनं विचारलं. "मला तिथं दोन तास बसवणार नाही. आणि नवरा जिवंत असताना बायकोच्या हाती चिठ्ठी द्यायची पद्धत नाही."

"मी जाईन," मालसून म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं भाताचा घास तोंडात टाकला. ती कुणाला चिठ्ठी टाकणार हे विचारायचं धाडस त्या घरात कुणाला झालं नाही.

पुढचे पाच दिवस सून पाटावर राबली. सहाव्या दारापासून वरपर्यंत गवत कापलं, गाळ काढून कडेला टाकला. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर तिनं चिकटपट्ट्या लावल्या. गावात अजून दोन व्हिएतनामी सुना होत्या. त्याही घरचं आटोपून मदतीला येऊन गेल्या. गाव तिघींनाही व्हिएतनामवालीच म्हणायचं. वेगळं सांगायचं झालं तर वरची, दुकानाजवळची आणि सांगपिलची. पाटात उभ्या राहून त्या आपल्या भाषेत बोलायच्या, मोठ्यानं हसायच्या. मालसून बाबागाडीला टेकून ऐकायची. हीच ती घरात मान खाली घालून चुलीपाशी उभी राहणारी पोर, यावर तिचा विश्वास बसत नसे.

त्याच दिवसांत मुदोंगवाली जुन्या कॅलेंडरचा कागद घेऊन खालच्या आळीत घरोघर फिरली. म्हाताऱ्यांना बसवायची, काहीतरी गिरवून घ्यायची, कागद घडी करून कमरेला खोचायची. सगळ्या घरी गेली. मालसूनच्या घरी मात्र गेली नाही. जिची सून तिलाच काय शिकवायचं?

रविवारी दुपारी मालसूननं आपली वही काढली. मुळा, कांदा, सांगपिल, जेउन. अक्षरं एका बाजूला कललेली, मुदोंगवालीच्या भाषेत दारू प्यालेल्या बैलानं ओढलेल्या तासांसारखी. सुनेचं नाव वहीत कुठंच नव्हतं. ते लिहायला आधी ते ठाऊक हवं. लग्नाच्या कागदावर असणार, पण तेव्हा म्हातारीला कागद वाचता येत नव्हता. आल्या दिवसापासून ती सुनेला 'अगं' म्हणत आली, नात झाल्यावर 'जेउनची आई'. सांगपिलही तेच म्हणायचा. आता नऊ वर्षांनी कुठल्या तोंडानं विचारायचं?

तिनं नातीला जवळ बोलावलं. "तुझ्या आईला तुझ्या शाळेत काय म्हणतात गं?"

"जेउनची आई," नात म्हणाली आणि खेळायला पळाली.

म्हातारीनं वही मिटली.

सोमवारी सकाळी दारात चपला-बुटांची ही गर्दी. सभागृहाच्या मोठ्या खोलीत पुरुष आणि चिठ्ठी असलेल्या आठ-दहा विधवा. आतल्या स्वयंपाकघरात सुना. बैठक संपल्यावर शेवया खायच्या असतात म्हणून त्यांच्या रश्शासाठी सुक्या मासळीचं पाणी मोठ्या पातेल्यात उकळत होतं. जिची निवड व्हायची होती ती आत कांदा कापत होती.

गावप्रमुखानं घसा साफ केला. "दर वर्षी टाळ्यांत भागायचं. या वर्षी काही लोकांना हौस आलीय, होऊन जाऊ दे. कागद वाटतो. ज्याला पाटकरी करायचं त्याचं नाव लिहायचं. माणूस जिवंत पाहिजे आणि याच गावचा पाहिजे."

"आणि त्याला आपली भाषा नीट बोलता आली पाहिजे, हेही सांगा," कोपऱ्यातून गिचुल म्हणाला. लोक हसले.

"पाण्याला कुठली भाषा कळते रे?" मुदोंगवाली म्हणाली. आता खालची आळी हसली.

कागद मालसूनच्या हातात आला. तळहाताएवढा कोरा चौकोन. तिनं पेन्सिल धरली. शेजारी मुदोंगवाली ओंजळीआड लिहीत होती. मालसून किंचित तिच्याकडं झुकली.

"ओ गल्मेवाली," प्रमुख ओरडला, "शेजारणीचं बघून लिहायचं नाही! परीक्षा आहे ही!"

सगळी खोली हसली. म्हातारीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती सरळ बसली, म्हणजे तिची पाठ जेवढी सरळ होते तेवढी. व्हिएतनामवाली लिहावं? पण त्या तर तिघी. सांगपिलची बायको? त्यात त्याचं नाव बघून हे लोक म्हणतील, मत सांगपिलला. तिनं विचार केला. मला मुलगा एक, सून एक. यात कुणाला चूक काढता येणार नाही. मग तिनं सावकाश, जीभ दातांत धरून, दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठीची घडी घालून डब्यात टाकली. तिला हलकं वाटलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच.

प्रमुख एकेक चिठ्ठी उघडून वाचायला लागला.

"पाक गिचुल. पाक गिचुल. लुआ." तो थांबला. "लुआ? कोण लुआ?"

"सांगपिलची बायको," मुदोंगवाली म्हणाली. "नऊ वर्षं तुझ्या दारावरून जातेय."

"बरं बरं. लुआ. पाक गिचुल. लुआ."

लुआ. मालसूननं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. केवढंसं नाव! तिच्या स्वतःच्या नावापेक्षाही लहान. हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. कागदावर गिरवत होत्या त्या हेच. आणि एकदम तिला आपल्या चिठ्ठीची आठवण झाली.

तेरा-तेरा झाली, चौदा-तेरा झाली, चौदा-चौदा झाली. डब्यात एक चिठ्ठी उरली. खोलीत कुणी हलेना. प्रमुखानं घडी उघडली, डोळे बारीक केले.

"हे काय? 'आमची सून'."

हशा उसळला. गिचुलनं मांडीवर थाप मारली. "माझीच असणार! ती सोलला केस कापायचं दुकान चालवते. तिला बोलावून चावी देतो!"

"आमची म्हणजे कुणाची?" प्रमुख विचारत होता. "कुणी टाकलीय? नाव नाही, गाव नाही. सुना तर सगळ्यांनाच आहेत. बोला, कुणाची ही?"

मालसूननं मान वर केली नाही. उठून सांगायचं एवढंच होतं. माझी आहे, माझ्या सुनेचं नाव मला ठाऊक नव्हतं. पन्नासेक डोळे तिच्यावर वळले असते. तिला गुडघ्यावरची आपली बोटं दिसत होती, नखांत माती असलेली. ती बोटं तिनं एकमेकांत अडकवली आणि बसून राहिली. मुदोंगवालीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"बाद," प्रमुख म्हणाला. "मतं समान पडली तर वयानं मोठा तो निवडून येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिचुलचं वय सहासष्ट. अभिनंदन!"

वरच्या आळीनं टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघराचं दार सरकलं आणि सून शेवयांचे वाडगे घेऊन आली. पहिला वाडगा तिला गिचुलपुढंच ठेवावा लागला, कारण तो दाराशी बसला होता.

"कांदा जरा जास्त घाल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघी तरव्यावर पाणी घालत होत्या. तिसऱ्या बादलीनंतर सुनेनं एप्रनच्या खिशातून एक कागद काढून सासूपुढं धरला.

"चिठ्ठ्या जाळायला माझ्याकडेच दिल्या होत्या," ती म्हणाली. "तुमचं अक्षर मला ओळखू येतं, आई. वहीत तुम्ही मुळा-कांदा लिहायच्या, ते मीच तपासायची."

म्हातारीनं हातातला मग खाली ठेवून कागद घेतला.

"तुम्ही मला चिठ्ठी टाकणार नाही असं मला वाटलं होतं. ते मी समजून घेतलं असतं. पण टाकलंत, आणि तुम्हाला नाव ठाऊक नव्हतं." सुनेनं रिकामी बादली जवळ ओढली. "नऊ वर्षं, आई."

"काल ऐकलं मी," म्हातारी म्हणाली. "मोजताना."

"चौदा वेळा वाचलं. ऐकू येणारच."

तिनं बादली उचलली आणि ओढ्याकडं गेली. मालसूनला तिच्या मागं जाता येण्यासारखं नव्हतं, बाबागाडी ओढ्यात उतरत नाही. ती कागद हातात धरून उन्हात उभी राहिली. सून भरलेली बादली घेऊन आली, ओतून पुन्हा गेली. असं कितीतरी वेळ चाललं.

दुपारी गावप्रमुख वही काखेत मारून घरी आला. बैठकीचं इतिवृत्त होतं. प्रत्येक घराचा शिक्का घेऊन ते तालुक्याला पाठवायचं, मग सरकारी पंप मिळणार, नदीवरून तळ्यात पाणी चढवायला.

"गल्मेवाली, शिक्का काढा. अठ्ठावीस झाले, तुमचाच राहिलाय. पाचला ऑफिस बंद होतं."

मालसून ओसरीच्या कडेला बसली होती. सहीऐवजी उठवायचा घराचा लाकडी शिक्का तिच्या कनवटीच्या पिशवीत असायचा. आयुष्यभर जो कागद पुढं आला त्यावर तिनं तो उठवला होता. आधी वाचता येत नव्हतं म्हणून, आणि वाचता यायला लागल्यावर सवयीनं. तिनं शिक्का काढला, शाईच्या डबीचं झाकण उघडलं, आणि थांबली.

"लुआ," तिनं हाक मारली. म्हातारीच्या तोंडून ते नाव जरा वाकडंच आलं.

परसात भांडी घासायचा आवाज थांबला.

"लुआ, इकडं ये. हे वाच."

सून ओले हात पुसत आली. सासूकडं एकदा पाहिलं, पण हसली नाही. वही घेऊन ती पायरीवर बसली आणि बोट ठेवून, अक्षर न अक्षर, मोठ्यानं वाचायला लागली. प्रमुख उन्हात उभा राहून टोपीनं वारा घेत होता.

"'पाक गिचुल यांची सर्वानुमते निवड झाली.'" तिनं वर पाहिलं. "सर्वानुमते? चौदा-चौदा झाली ना, काका?"

"तसंच लिहायची पद्धत आहे. टाळ्या वाजल्या ना शेवटी."

"खालच्या आळीची पाळी कुठं लिहिलीय?"

"ते गिचुल बघेल. तू हे बघ पोरी, या एका शिक्क्यावाचून पंप अडेल. सगळं गाव तुमच्या घराला शिव्या देईल. सांगपिल, ए सांगपिल! समजाव बाबा यांना!"

थोड्या वेळानं दार सरकल्याचा आवाज झाला आणि सांगपिल दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. घाम आला होता त्याला. "शिक्का आईकडं असतो," तो एवढंच म्हणाला.

प्रमुख म्हातारीकडं वळला. "गल्मेवाली?"

"बाद झालेली चिठ्ठी माझी होती," मालसून म्हणाली. "तेही लिही."

"आता त्याचा काय उपयोग? निकाल बदलत नाही."

"नाही बदलत. तरी वहीत असू दे."

प्रमुखानं घड्याळ पाहिलं; पाचच्या आत शिक्का हवा होता. मग पायरीवर, सुनेपासून हातभर अंतरावर बसला, खिशातून पेन काढलं आणि वहीतली ती ओळ खोडली.

"काय लिहू?"

"आधी आकडे लिहा," लुआ म्हणाली. "मग पाळी. पहिल्या दारापासून सांगते."

ती सांगायला लागली. कुठलं खाचर, केवढं, किती तास. मालसूननं भाजलेले जव उकळून गार केलेल्या पाण्याचे तीन पेले भरून पुढं ठेवले. अंगणात तरव्याचे चार ट्रे होते, खाचरावरून उचलून सावलीत आणलेले, आणि त्यांतल्या रोपांची टोकं कालच्यापेक्षा जास्त पिवळी होती. शिक्का तिनं मुठीत घट्ट धरला होता. लाकूड हाताच्या उबेनं गरम झालं, घामानं ओलं झालं, पण लिहून पुरं होईपर्यंत तिनं मूठ उघडली नाही.